गल्ला आणि इनाम



स्मृतिव्याख्यान म्हटलं की संत, समाजसुधारक, नाहीतर संविधान. यातलं काहीच न घेता मी आज बॉक्सरला मिळणाऱ्या पैशांवर बोलणार आहे. निमंत्रणपत्रिकेत विषय वाचून दोघा-तिघा ज्येष्ठांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. त्यांना एवढंच सांगतो, की दिल्लीत आपण बसलो आहोत तो रस्ता या विषयापासून फार लांब नाही.

कोपर्निकस मार्गाच्या इंडिया गेटकडच्या टोकाला जा. तिथे बडोदा हाऊस आहे, गायकवाडांचं. त्याच्याजवळ पतियाळा हाऊस. आज एकात उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे आणि दुसऱ्यात न्यायालयं. एके काळी या दोन्ही दरबारांच्या पदरी पैलवान असत. पुढे साक्षी मलिकसारखी ऑलिंपिक पदकविजेती पैलवान त्याच उत्तर रेल्वेच्या नोकरीत आली. आधी दरबारचा खुराक, मग रेल्वेचा पगार, आणि बिनसलंच तर कोर्ट. झुंजणाऱ्या माणसाच्या पोटापाण्याचा सगळा प्रवास या एका कोपऱ्यावर उभा आहे.

पतियाळा दरबारने ज्याला पुढे आश्रय दिला, त्या गामा पैलवानापासून सुरुवात करू. १९१० सालचा सप्टेंबर, लंडन. गामा विरुद्ध पोलंडचा झबिस्को. इनाम अडीचशे पौंड आणि 'जॉन बुल'चा पट्टा. झबिस्को दोन-अडीच तास जमिनीला पोट लावून पडून राहिला, कुस्ती निकाली झालीच नाही. आठवड्याने पुन्हा बोलावलं तर हा गडी आलाच नाही, आणि इनाम गामाला मिळालं. अडीचशे पौंड हा आकडा शंभराहून अधिक वर्षांनंतरही आपल्याला माहीत आहे. का माहीत आहे? कारण तो लढतीच्या आधीच जाहीर होता. 'इतक्याची कुस्ती' असंच म्हटलं जायचं. आकडा हा कुस्तीच्या नावाचाच भाग होता.

आपल्याकडे तो अजून तसाच आहे. सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या कुठल्याही यात्रेचं कुस्त्यांचं पत्रक काढून बघा. वर ग्रामदैवताचं नाव, खाली यात्रा कमिटी आणि मधे जोड. एक नंबरची कुस्ती लाखाची, दोन नंबरची त्याखालची, असं करत खाली पार पोराटोरांच्या कुस्त्यांपर्यंत, जिथे इनाम म्हणजे पाच-दहा रुपये नाहीतर नारळ. प्रत्येक जोडीसमोर रक्कम छापलेली. कुस्ती चालू असताना माइकवरून आणखी घोषणा होतात, की अमुक गावच्या तमुक पाटलांकडून या पैलवानाला पाचशे रुपये. हलगी वाजत असते आणि पैसे सगळ्यांच्या देखत हातात पडतात. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनामाचं काय करायचं यावर कमिटी, वस्ताद आणि प्रेक्षक तिथल्या तिथे भांडतात. मला ते भांडण फार आवडतं. त्यात कुणाला काय मिळणार हे माहीत नसलेला एकही माणूस नसतो.

मी मैदानाचं गुणगान गातोय असं समजू नका. आधी ठरवून केलेल्या नुरा कुस्त्या तिथेही होतात. छापलेली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांच्यात तफावतही पडते. २०२२ साली साताऱ्यात पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला. चांदीची गदा मिळाली, पण रोख इनाम मिळालं नाही अशी खंत त्याने बोलून दाखवली. दोन दिवसांत ही गोष्ट राज्यभर झाली. पुढच्याच वर्षी जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे जिंकला, तेव्हा पाच लाख रुपये आणि मोटारगाडी असं बक्षीस होतं आणि ते गाजलं. आता विचार करा. पृथ्वीराजला तक्रार कशामुळे करता आली? केसरीच्या किताबाबरोबर काय यायला हवं याची सगळ्यांना कल्पना होती म्हणून. आकडा उघड असला की न मिळालेल्या पैशाबद्दल बोलता येतं. आकडाच गुपित असेल तर तक्रार तरी कशाची करायची?

आणि इथे खाशाबा जाधवांचं नाव घ्यायलाच हवं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक सगळ्यांना आठवते. मला त्यानंतरचा भाग महत्त्वाचा वाटतो. ते सात हजार फेडायला खाशाबा पुन्हा कुस्त्यांच्या मैदानात उतरले. कर्जाचा आकडा माहीत, इनामाचा आकडा माहीत, म्हणून किती कुस्त्यांत फिटेल याचा अंदाज करता येत होता. सरकारने त्या काळी त्यांच्यासाठी फार काही केलं नाही, हे वेगळं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, त्यांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

आता बॉक्सिंगकडे येतो.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बॉक्सरला लढतीबद्दल मिळणाऱ्या रकमेला 'पर्स' म्हणतात. ही पर्स एके काळी आपल्या मैदानासारखीच उघडी होती, किंबहुना मिरवली जायची. १९२१ मध्ये डेम्प्सी आणि कार्पेंतिए यांची लढत झाली. तिकिटांचा गल्ला पहिल्यांदाच दहा लाख डॉलरच्या वर गेला. डेम्प्सीला तीन लाख, कार्पेंतिएला दोन लाख, हे आधीच वर्तमानपत्रांतून सगळ्यांना ठाऊक. १९२७ ला शिकागोत जीन टनीने डेम्प्सीला हरवलं. टनीची रक्कम होत होती ९ लाख ९० हजार ४४५ डॉलर. त्याची हौस अशी, की दहा लाखांचा पूर्ण धनादेश हातात घ्यायचा. मग त्याने वरच्या फरकाचा स्वतःचा धनादेश प्रवर्तक टेक्स रिकार्डला दिला आणि दहा लाखांचा धनादेश घेतला. १९७१ मध्ये अली आणि फ्रेझर, प्रत्येकी पंचवीस लाख. १९७४ मध्ये किन्शासात अली आणि फोरमन, प्रत्येकी पन्नास लाख. हे आकडे लढतीच्या जाहिरातीचाच भाग होते.

मग गुपित कधी आलं? मला वाटतं, गुपित आधीपासूनच होतं, आपण चुकीच्या जागी शोधत होतो. बॉक्सरला मिळालेला आकडा उघडा होता. झाकलेला असायचा तो दुसरा आकडा, एकूण गोळा किती झाले हा. तिकिटांचे किती, चित्रवाणीचे किती, परदेशी हक्कांचे किती. आणि तो कुणापासून झाकलेला असायचा? तुमच्या-माझ्यापासून असायचाच. पण सगळ्यात आधी खुद्द बॉक्सरपासून.

मुहम्मद अलीचंच घ्या. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सविरुद्ध तो लढला. वय अडतीस, शरीर थकलेलं. ऐंशी लाख डॉलर करारात ठरलेले. हातात पडले त्यापेक्षा अकरा-बारा लाख कमी. अलीने प्रवर्तक डॉन किंगवर दावा लावला. पुढे किंगने अलीच्या विश्वासातल्या माणसाबरोबर पन्नास हजार डॉलर रोख भरलेली सुटकेस पाठवली, आजारी अलीने कागदावर सही केली आणि दावा संपला. जगातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस. त्याची ही कथा. माइक टायसनने त्याच किंगवर १९९८ मध्ये दहा कोटी डॉलरचा दावा ठोकला, तो मिटला एक कोटी चाळीस लाखांवर.

जो लुईसची गोष्ट त्याहून जुनी आणि मला जास्त चटका लावणारी. १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, त्याने दोन लढतींची आपली पर्स आरमाराच्या आणि सैन्याच्या मदतनिधीला देऊन टाकली. देशाने टाळ्या वाजवल्या. पुढे कर खात्याने त्या दान केलेल्या पैशावरही कर लावला. थकबाकी आणि व्याज वाढत गेलं. १९५६ मध्ये हा माजी विश्वविजेता कर फेडण्यासाठी कुस्तीच्या तमाशात उतरला. पर्स जाहीर होती म्हणून लुईस वाचला का? नाही वाचला. म्हणून उघड आकडा म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध, असं मी म्हणणार नाही.

या सगळ्या अनुभवांतून अमेरिकेत २००० साली कायदा झाला, अलीच्याच नावाने. चाहत्यांना त्याचं नाव माहीत असतं, त्यात काय आहे ते क्वचित. त्यातलं एक कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यात प्रवर्तकाने जनतेला आकडे सांगावेत असं म्हटलेलं नाही. त्याला या लढतीतून किती मिळालं आणि बॉक्सरच्या पैशातून त्याने काय-काय कापलं, हे त्याने बॉक्सरला सांगावं, असं म्हटलं आहे. कायदेमंडळाने बरोबर जागी बोट ठेवलं. अंमलबजावणी फार कमी झाली, हे दुर्दैव. आणि २०२५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहात या कायद्यात बदल सुचवणारं विधेयक आलं. त्यावर टीका करणाऱ्यांची मुख्य हरकत काय? नव्या रचनेत ही माहिती देण्याची सक्ती सैल होईल. भांडण अजून त्या एकाच कलमाभोवती आहे.

आता चाहत्यांकडे वळतो, म्हणजे तुमच्याकडे. मागे बसलेल्या तरुणांकडे जास्त.

'अमुकला इतके मिळाले', 'छे, तो आकडा खोटा', 'करारातला वेगळा, मागून मिळालेला वेगळा'. हा वाद जगभर चालतो. चाहता एवढ्या तळमळीने दुसऱ्याच्या पगारावर का भांडतो? लोकांना पैशाची हाव असते, हे उत्तर मला पटत नाही. क्रिकेटमध्ये धावा मोजता येतात. कुस्तीत हिंद केसरी एका वेळी एक. बॉक्सिंगमध्ये एकाच वजनगटात चार संस्थांचे चार विश्वविजेते असू शकतात, आणि ते एकमेकांशी वर्षानुवर्षं लढत नाहीत. मोठा कोण हे रिंगणात ठरत नसेल तर लोक ते कशावरून ठरवणार? पैशावरून. पर्स हा पाचवा पट्टा झाला आहे. म्हणून भांडण.

आणि हे भांडण प्रवर्तकाला हवंच असतं. गुप्तता सरसकट नसते, ती निवडक असते. मोठा आकडा बाहेर झिरपू देतात, कारण तो तिकिटं विकतो. मेवेदर आणि मॅकग्रेगर २०१७ मध्ये लास वेगासला लढले. राज्याच्या आयोगाकडे नोंदलेले आकडे होते दहा कोटी आणि तीन कोटी डॉलर. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त मिळाल्याचं मेवेदर स्वतः सांगत फिरला. म्हणजे सरकारी कागदावरचा आकडाही अर्धाच. पैसे भरून घरी बघणाऱ्यांच्या पैशांतला वाटा त्यात धरलेला नसतो. आपण बसलो आहोत त्या कोपर्निकस मार्गावरच दूरदर्शन भवन आहे, आणि आपल्या पिढीला फुकट सामना बघायची सवय तिथूनच लागली, म्हणून हा भाग आपल्याला पटकन डोळ्यांसमोर येत नाही. २०१५ च्या मेवेदर-पॅकियाओ लढतीला अमेरिकेत ४६ लाख घरांनी सुमारे शंभर-शंभर डॉलर मोजले होते. गल्ला तिथे होता. स्टेडियममध्ये बसलेले लोक म्हणजे त्या मानाने शोभा.

छोटा आकडा मात्र कधीच झिरपत नाही. त्याच रात्री सहा वाजता, अर्ध्या रिकाम्या सभागृहात, चार फेऱ्यांची लढत खेळलेल्या पोराला काय मिळालं? ब्रिटनमधल्या छोट्या सभागृहांतल्या लढतींची पद्धत ऐका. नवा बॉक्सर स्वतःच्या लढतीची तिकिटं स्वतः विकतो, मित्रांना, नातेवाइकांना, कारखान्यातल्या सोबत्यांना. त्या विक्रीवर त्याची कमाई ठरते, आणि समोरच्या प्रतिस्पर्ध्याचा खर्चही त्यातूनच निघतो. तिकिटं कमी गेली तर मार खाऊन घरी जाताना हातात जवळपास काहीच नाही. या मुलाच्या पर्सवर कुणी वाद घालत नाही.

आणि मोठ्याच्या पर्सचंही पुढे काय होतं, हे वाद घालणाऱ्याने एकदा कागदावर मांडावं. पूर्वापार रिवाज असा, की व्यवस्थापकाचा वाटा तिसऱ्या हिश्शापर्यंत. प्रशिक्षकाचा दहा टक्के. किताबाची लढत असेल तर किताब देणाऱ्या संस्थेची फी, तीन टक्क्यांच्या आसपास. मग सरावाच्या जोडीदारांचे पैसे, राहणं, खाणं, डॉक्टर, आणि शेवटी कर. दहा लाखांची पर्स असेल तर कर भरायच्या आधीच निम्मे गेलेले असतात. ज्याला आपण 'दहा लाख घेतले' म्हणतो, त्याने ते घेतलेले नसतात, त्याच्या नावावर ते फक्त आलेले असतात.

आपल्या दिल्लीत या. १६ जुलै २०१६, त्यागराज स्टेडियम. विजेंदर सिंगने केरी होपला हरवून डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक किताब घेतला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचा कांस्यपदक विजेता, हरियाणा पोलिसात उपअधीक्षक. त्या नोकरीचा पगार सरकारी श्रेणीतला, कुणालाही हिशेब करता येईल असा. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि लंडनच्या फ्रँक वॉरन यांच्या क्वीन्सबेरी कंपनीशी त्याने करार केला. त्या क्षणापासून त्याच्या कमाईवर पडदा पडला. मग सुरू झाले अंदाज. कुणी म्हणे इतके कोटी, कुणी म्हणे त्याच्या निम्मे. पुढच्या वर्षी मुंबईत वरळीच्या एनएससीआयमध्ये त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवलं. डोकलामचा तणाव चालू होता, आणि शांततेसाठी आपण किताब परत द्यायला तयार आहोत, असं त्याने रिंगणातच सांगितलं. किताबाबद्दल एवढा मोकळेपणा. आकड्याबद्दल नाही.

यात विजेंदरचा काही दोष आहे असं मी म्हणत नाही. करार तसेच असतात. पण याच क्वीन्सबेरीची दुसरी बाजू बघा. जानेवारी २०२२ मध्ये टायसन फ्युरी आणि डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी बोली झाली. किताबाच्या सक्तीच्या लढतीत दोन्ही पक्षांचं जमलं नाही, तर बंद लिफाफ्यात बोली मागवतात आणि ती सगळ्यांसमोर उघडतात. वॉरन यांच्या लिफाफ्यात होते ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलर. प्रतिस्पर्धी मॅचरूमच्या लिफाफ्यात ३ कोटी २२ लाख २२ हजार २२२. फ्युरीला ऐंशी टक्के, व्हाइटला वीस, हेही जाहीर. म्हणजे तीच कंपनी, तोच धंदा. बोलीची सक्ती असते तिथे आकडा शेवटच्या डॉलरपर्यंत कळतो, आणि सक्ती नसते तिथे काहीच कळत नाही. मग गुप्तता हा या खेळाचा स्वभाव आहे, असं आपण कशाला मानायचं?

आपल्याकडच्या दुसऱ्या खेळांनी हे फार पूर्वी सोडवलं. प्रो कबड्डीत २०१४ च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांचा. २०१९ मध्ये चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. हातोडा पडतो आणि गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. लिलाव हा प्रकार मला व्यक्तिशः फारसा आवडत नाही, माणसं उभी करून बोली लावायची. पण त्याने एक काम केलं. चंदगडच्या पुढच्या चढाईपटूला आपली किंमत काय मागायची हे कळलं. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलं. महाराष्ट्र सरकारने बक्षीस जाहीर केलं, आणि त्याच्या वडिलांनी हरियाणातली रक्कम दाखवून जाहीरपणे नाराजी सांगितली. काही लोकांना ते आवडलं नाही. मला आवडलं. दोन राज्यांचे दोन आकडे समोर होते म्हणून एका बापाला ते शेजारी शेजारी ठेवता आले.

शेवटचं उदाहरण अवघड आहे, आणि माझ्या आतापर्यंतच्या म्हणण्याला ते थोडं टोचणारं आहे. मार्च २०२३. दिल्लीत महिलांची जागतिक बॉक्सिंग स्पर्धा. स्थळ इंदिरा गांधी संकुलातलं के. डी. जाधव सभागृह. हो, आपल्या खाशाबांच्या नावाचं. निखत झरीन, लवलिना बोरगोहाईं, नीतू घंघास आणि स्वीटी बूरा, चार भारतीय मुलींनी सुवर्ण जिंकलं. बक्षीस उघड जाहीर होतं, प्रत्येक सुवर्णाला एक लाख डॉलर. कुणी काही लपवलं नाही. पण ही स्पर्धा भरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पैसा बराचसा एका रशियन सरकारी गॅस कंपनीकडून येत होता, आणि तिच्या आर्थिक कारभाराबद्दल आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या हरकती वर्षानुवर्षं चालू होत्या. तीनच महिन्यांत, जूनमध्ये, समितीने त्या संघटनेची मान्यता काढून घेतली. इनाम उघडं होतं. गल्ला कुठून आला, किती आला, कुणाच्या शब्दावर आला, हे धूसर राहिलं. त्या मुलींनी मात्र आपले ठोसे प्रामाणिकपणे मारले होते.

तेव्हा तरुण मित्रांनो, पर्सवर जरूर भांडा. मी तुमचं भांडण बंद करायला आलो नाही. फक्त पुढच्या वेळी कुणी म्हणालं, 'त्याला पन्नास कोटी मिळाले', तर दोन प्रश्न विचारा. एकूण आले किती? आणि हे त्या बॉक्सरला कुणी कागदावर दाखवलं का? २०२५ मध्ये आपल्या संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्याचा भर महासंघांच्या निवडणुका, कारभार आणि तंटे यांवर आहे, आणि ते गरजेचं होतंच. आता भिवानीच्या किंवा पुण्याच्या एकोणीस वर्षांच्या पोराने प्रवर्तकाच्या कागदावर सही केली, तर त्या रात्रीच्या गल्ल्याचा हिशेब मागायचा हक्क त्याला कायद्याने मिळावा, आणि हिशेब न देणाऱ्या प्रवर्तकाला पुढची लढत भरवायचा परवाना नसावा. माझी मागणी एवढीच आहे. इथून संसद फार लांब नाही, आणि या सभागृहात बसलेल्या दोन-चार मंडळींचं तिथे रोजचं जाणं-येणं आहे.